तीन पुरुष पाण्यातली कवळी

"आणि म्हाराजा," असं म्हणून काकांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले, आवाज चढवला, पुन्हा एकदा "म्हा" म्हणाले, आणि त्यांची कवळी तोंडातून सुटून होडीच्या काठावरून थेट समुद्रात गेली. बुळुक असा आवाज झाला. मी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळी झाले.

मग आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो.

काका म्हणजे सगुण तांडेल, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमची वाडी मालवणच्या खाली, समुद्र आणि खाडीच्या बेचक्यात. दुसऱ्या दिवशी गावदेवाची जत्रा होती आणि यंदा गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा होता. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून सगळ्या वाडीच्या वतीने बोलायचं. मासळी दे, वादळ टाळ, कोणाच्या मनात वाकडं असेल ते सरळ कर. एकाने बोलायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो होकार मिळाल्याशिवाय बोलणं देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. सरावाला होकार द्यायला काकांनी मला धरून आणलं होतं.

सराव भर समुद्रात कशाला, तर घरात सोय नव्हती. आमच्या घराची एक भिंत ही दाजी तांडेलांच्या घराचीही भिंत. दाजी काकांचे चुलतभाऊ. एकेकाळी दोघं एकाच होडीतून जायचे. मग काकांनी एक नवंकोरं जाळं विणलं, दोघांनी ते संध्याकाळी समुद्रात लावलं, आणि सकाळी जाऊन बघतात तर जाळं गायब. काका म्हणाले, दाजीने पहाटे एकट्याने जाऊन ओढलं. दाजींनी देवाची शपथ घेतली. काका म्हणाले, शपथ पण खोटी. तेव्हापासून दोघांत अबोला, तो पार एक तप उलटलं तरी तसाच. काका एकटेच समुद्रात जायचे, आणि सोबतीचा विषय निघाला की म्हणायचे, "माका सोबत नको. सोबतीन माझा जाळा खाल्ल्यान."

मान एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष दाजींकडे असा यायचा. मागच्या पाळीला ऐन जत्रेत काकांचा घसा बसला होता. त्याच्या आधीच्या पाळीला काकांना, त्या वयात, कांजिण्या आल्या होत्या. दोन्ही वेळा दाजींनी गाऱ्हाणं घातलं, आणि यंदाही काका चुकले तर मान कायमचा दाजींकडेच द्यावा, अशी कुजबुज वाडीत सुरू झाली होती. त्यात गाऱ्हाण्याचा शब्दन् शब्द स्वच्छ लागतो. पूर्वी एकदा बोलणाऱ्याला मध्येच ठसका लागला तर त्या वर्षी बांगड्याने आमच्याकडे पाठ फिरवली होती. म्हणून तर काकांनी खास तालुक्याला जाऊन कवळी करून घेतली होती. ती सुरुवातीपासूनच सैल होती, पण काकांना ते कबूल नव्हतं.

काकांनी पंचा तोंडावर धरला. पुढे ते जे बोलले ते मी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी दातांसकट लिहिते.

"बघत काय ऱ्हवलंस? मार बुडी."

मी दोनदा तशीच बुडी मारून पाहिली. तिथे तीन पुरुष पाणी, म्हणजे एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढं; तळ दिसायचा पण हाताला लागेपर्यंत श्वास संपायचा. मग मी किनाऱ्यावरचा वाकडा माड आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून जागेची खूण केली आणि म्हटलं, "काकानू, हवेचो सिलिंडर हाडूक व्हयो."

"मगे हाड. पण एकटीच ये. कोणाक कळता कामा नये."

एकटीच जायला मी एका पायावर तयार होते. पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवायचं स्कूबाचं काम मी तेव्हा नुकतंच धरलं होतं, आणि जोडीदार या प्रकाराचा मला मनस्वी कंटाळा आला होता. शिकवताना आमच्या सरांनी एकच गोष्ट हजारदा घोकून घेतली होती, की बडीशिवाय पाण्यात उतरायचं नाही. बडी म्हणजे जोडीदार. त्याचं सामान तुम्ही तपासायचं, तुमचं त्याने, आणि खाली एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राहायचं. ऐकायला छान. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला येणारे बडी म्हणजे मासा दिसला की माझ्या गळ्याला मिठी मारणारे लोक. मला वाटायचं, समुद्राने आपल्याला वेगळं ओळखलंय. त्या वयात असं वाटतं, आणि समुद्र काही बोलत नाही म्हणून ते खरंही वाटतं.

तर मी सिलिंडर खांद्यावर मारून माडांच्या आडून होडीकडे चालले होते, आणि आडवी आली मंजुषा.

मंजुषा ही दाजींची सून. माहेर अकोला. समुद्र तिने लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा पाहिला, आणि नवरा बोटीवर नोकरीला गेल्यावर सहा महिन्यांत स्कूबा शिकून घेतलं. आम्ही एकाच तुकडीत शिकलो. पण दोन घरांत अबोला असल्यामुळे आमचं बोलणं पाण्याखालीच, म्हणजे खुणांनी व्हायचं.

"एकटीच चालली काय वं?" ती म्हणाली, पाण्याबाहेर पहिल्यांदाच.

"काकांची अंगठी पडली पाण्यात. आत्ता येते."

"आन् बडी?"

"तीन पुरुष तर पाणी आहे."

"बुडायले माणसाले एक पुरुष पुरते," मंजुषा म्हणाली. "थांब, मी माझं सिलिंडर आणते."

"नको गं. अंगठी काय, सापडेल."

"तू एकटी गेली तर मी इथंच उभी राहून बोंबलीन. सासरे ओट्यावरच बसून राहिले."

ही धमकी नव्हती. मंजुषा जे करणार ते आधी सांगायची, एवढंच. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही, पण दाजी ओट्यावर होते आणि काकांचे दात समुद्रात होते. मी तिच्यासाठी थांबले.

होडीत शत्रूची सून चढलेली बघून काकांनी पंचा नाकापर्यंत ओढला. मी घाईघाईने म्हटलं, "काकांचं आज मौन आहे. जत्रेच्या आदल्या दिवशी मानकऱ्याचं मौन असतं."

"असं काय? माझे सासरे तर सकाळपासून बोलूनच राहिले."

"यंदा मान आमचा. म्हणून मौन आमचं."

तिला ते पटलं. अकोल्याच्या माणसाला आमच्या चालीरीतींतलं काहीही सांगितलं तरी पटतं, कारण खऱ्या चालीही याहून फार वेगळ्या नसतात. काकांनी मान डोलावली आणि वल्हं हातात घेतलं.

"अंगठी कशी होती काका? खड्याची का साधी?" मंजुषाने विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. शेवटी काकांनी वल्हं सोडून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि बोटांनी हवेत एक आकार काढला. तो हुबेहूब कवळीचा होता.

"येवढी?" मंजुषा म्हणाली. "अंगठी होय का घोड्याचा नाल?"

"जुन्या घडणीची आहे," मी म्हटलं.

खुणेच्या जागी पोचल्यावर तिने माझी तपासणी सुरू केली. नळीतून हवा येते का, जॅकेट फुगतं का, कमरेच्या शिशाचा पट्टा ओढून पाहिला, सिलिंडरचा वॉल्व्ह फिरवून पाहिला. मग स्वतः हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "आता माझं पाह्य." मी वरवर हात फिरवला. "नीट पाह्य," ती म्हणाली. काका पंच्याच्या आत चडफडत होते, ते पंचा फुगण्यावरून कळत होतं.

"खाली हाताच्या अंतरावर राहायचं," उतरताना तिने मला बजावलं.

"हो गं बाई," मी म्हटलं, आणि तळाला पोचल्याबरोबर पायातल्या फिन्सचे दोन फटके मारून एका मोठ्या खडकाच्या पलीकडे सटकले. माझं कारण साधं होतं. कवळी आधी माझ्याच हाती लागायला हवी होती. मंजुषाच्या हाती लागली तर संध्याकाळपर्यंत वाडी हसणार, आणि उद्या देवासमोर दाजी उभे राहणार.

खडकामागे वाळूचा छोटा चौक होता, आणि त्यात कवळी पडली होती. उताणी, सगळे दात दाखवत. एक छोटी कुर्ली, म्हणजे खेकडा, तिच्यात बसून बाहेर बघत होती. मी खूश होऊन हात लांबवला आणि कोणीतरी मला मागून धरलं.

मला वाटलं मंजुषा. मी हात झटकला. पकड सुटली नाही. मागे वळले तर कोणी नव्हतं. होतं ते खडकाला अडकलेलं जुनं जाळं. शेवाळ धरून ते खडकासारखंच दिसत होतं. त्याचा फास माझ्या सिलिंडरच्या वॉल्व्हला पडला होता. माणूस अशा वेळी जे करू नये तेच करतो. मी गोल फिरले. जाळं पण माझ्याबरोबर फिरलं आणि डावा हात आत गेला. सुरी डाव्या पायाला बांधलेली होती.

हवा भरपूर होती. पण ती भराभर संपवायची कला मला त्या क्षणी साधली. वर होडीची सावली दिसत होती, काकांनी पाय हलवला की तीही हलायची. हाकेच्या अंतरावर माणूस, आणि हाक मारायची सोय नाही. मी घाबरले. इतकी घाबरले की समोर कुर्लीने एक दात ओढून बघायला सुरुवात केली तरी मला तिचा राग आला नाही. डोक्यात एकच विचार होता. मंजुषाला मी मुद्दाम मागे टाकलंय, आणि तिने आता का यावं?

ती आली. खडकाला वळसा घालून, अजिबात घाई न करता, माझी शोधाशोध करत आली. मला बघून तिने आधी माझ्या डोळ्यांसमोर तळहात उभा धरला, थांब म्हणून. मग माझ्या हवेचा काटा पाहिला. मग माझ्या छातीवर हात ठेवला आणि माझा श्वास सावकाश होईपर्यंत तो तसाच ठेवला. आणि मगच सुरी काढून एकेक दोरा कापू लागली. हात सुटला. वॉल्व्ह सुटला. मी सुटले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण मास्कमध्ये कोणाला कळणार.

तेवढ्यात तिला कवळी दिसली.

तिने कवळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. वर होडीच्या सावलीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांच्या बोटांनी तिने हवेत काकांनी काढला होता तोच आकार काढला, आणि तिच्या नळीतून बुडबुड्यांचा असा लोट उठला की आजूबाजूचे सगळे मासे पळाले. पाण्याखाली हसायचं नसतं, मास्कमध्ये पाणी शिरतं. तिच्याही शिरलं, माझ्याही. दोघी एकमेकींच्या जॅकेटला धरून मास्क झटकत होतो आणि पुन्हा हसत होतो. कुर्ली तेवढी गंभीर होती. मंजुषाने तिला सुरीच्या मुठीने हुसकावलं आणि कवळी स्वतःच्या मुठीत घेतली.

वर येताना मी तिच्या हाताच्या अंतरावर होते. कदाचित जरा जवळच.

होडीला धरून तिने तोंडातली नळी काढली आणि मूठ काकांपुढे उघडली.

"घ्या काका, तुमची अंगठी. बोटात बसते का पाहा."

काकांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी कवळी घेतली, समुद्राच्या पाण्यात विसळली, पाठ वळवून तोंडात घातली आणि पुन्हा आमच्याकडे वळले. मौन सुटलं.

"चेडवा, सासऱ्याक सांगतलंस?"

"मी काऊन सांगू?"

"यंदा माका बोलाक येवचा नाय तर मान तुमच्या घराक जातलो, म्हणान."

"तुमचं मौन होतं, काका," मंजुषा म्हणाली. "मले येवढंच ठावं आहे."

काका खूश झाले, पण ते पुरते खूश व्हायच्या आत मी होडीत चढले, आणि माझ्या सिलिंडरला लटकलेला जाळ्याचा तुकडा त्यांच्या मांडीवर पडला. त्याला बोयं होती. आमच्याकडे जुन्या सपाता, म्हणजे रबरी चपला, कापून जाळ्याला बांधतात, पाण्यावर तरंगायला. ही बोयं हिरव्या सपातांची होती. घासल्यावर हिरवा रंग चांगला वर आला. काकूंच्या सपाता. काकांनी नव्या जाळ्यासाठी त्या न विचारता कापल्या होत्या आणि त्यावरून झालेलं भांडण मी लहानपणी ऐकलं होतं.

"कोणाचं जाळं होय हे?" मंजुषाने विचारलं. "खडकाखाली लई मोठं आहे. पोरगी मेली असती त्यात."

काका बोयं अंगठ्याने घासत राहिले.  जाळं कोणी ओढलं नव्हतं. प्रवाहाने ते खेचून खडकाखाली नेलं होतं आणि तिथेच ते इतकी वर्षं बसलं होतं.

"कचरा आहे, द्या टाकून," मंजुषा म्हणाली.

"नको," काका म्हणाले आणि तो तुकडा पंच्यात गुंडाळून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी वाडी देवळापुढे जमली. काका नव्या धोतरात पुढे उभे राहिले. दाजी समोरच्या बाजूला हाताची घडी घालून होते. आमच्या पाळीच्या वर्षी दाजी येत, पण होकार देत नसत. तोंड मिटून उभे राहत आणि ते सगळ्यांना दिसेल याची काळजी घेत. बायकांमध्ये मी मंजुषाजवळ उभी होते.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली, "आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत, ती गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"दर्यात गेल्लो सुखान घराक हाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शब्द खणखणीत येत होते. मासळी झाली, वादळ झालं, मुलांच्या परीक्षा झाल्या. इथे गाऱ्हाणं संपायला हवं होतं. पण काका थांबले, कमरेचा पंचा चाचपला आणि सरावात कधीच न आलेलं वाक्य बोलू लागले.

"आणि म्हाराजा, कोणी आपल्या भावावर जाळा चोरल्याचो खोटो आळ घेतलो आसात, आणि तो जाळा दर्याच्या पोटात गावलो आसात, तर त्या आळ घेणाऱ्याची चूक पदरात घे," काकांनी दोन्ही हात वर नेले, आवाज चढवला, "म्हा"

आणि कवळी सुटली.

समईच्या उजेडात ती सगळ्यांना दिसली नाही. काकांनी दोन्ही हात पुढे केले, ती त्यांच्या हातातून उसळली आणि समोर दाजींच्या उपरण्यात जाऊन पडली.  काकांनी तोंड मिटलं. वाक्य अर्धंच राहिलं होतं, आणि अर्ध्या वाक्याचं गाऱ्हाणं म्हणजे ठसक्यापेक्षा वाईट. दोन म्हातारे आपसात बोलू लागले, आणि त्यांच्या नजरा दाजींकडे वळल्या. आता दाजींनी पुढे होऊन बोलायचं, एवढंच बाकी होतं.  मंजुषाने माझा हात धरला.

दाजींनी उपरण्यात पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. 

आणि मग दाजी तांडेल छाती भरून ओरडले, "व्हय म्हाराजा."

वाडी दचकली, पण सवयीने तिनेही म्हटलं, "व्हय म्हाराजा."

दाजी एक पाऊल पुढे आले. "व्हय म्हाराजा," पुन्हा म्हणाले. वाडीने पुन्हा म्हटलं. "व्हय म्हाराजा," करत करत, लोकांना होकारात गुंतवून ठेवत, दाजी काकांच्या अगदी जवळ आले, आणि देवाला नमस्कार करायला वाकल्यासारखं करून त्यांनी उपरण्याचं टोक काकांच्या हातात दिलं. काकाही वाकले. दोघांची डोकी उपरण्याखाली गेली. मंजुषा आता माझ्या शेजारी घसा फोडून ओरडत होती, "हाव म्हाराजा." मीही ओरडत होते. उपरण्याखालून काका बाहेर आले तेव्हा दात जागेवर होते.

"राजा," काकांनी वाक्य पुरं केलं.

असं मोठं गाऱ्हाणं आमच्या वाडीत कधी झालं नव्हतं, असं लोक अजून सांगतात. बांगडाही त्या वर्षी आला.

जत्रेत गुळाचं खाजं विकत घेऊन आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो तेव्हा ते दोघं आमच्या पुढ्यातच उभे होते. काका पंच्यातली हिरवी बोयं काढून दाजींना दाखवत होते, आणि दाजी ती बघतच नव्हते.

"सगुणा, ही कवळी तालुक्याक केलंस मा? सैल आसा. मी तुका पयलाच सांगितलंय, थंय जाव नको."

"तू कधी सांगितलंस? तू बोलत होतस माझ्याशी?"

"भिंतीक सांगितलंय. मोठ्यान. रोज सांगी होतंय. भिंत मधी होती तां काय माझी चूक?"

 काकांनी बोयं कनवटीला लावली आणि दाजींच्या खांद्यावर हात टाकला.

"आणि काय काय सांगितलंस भिंतीक?" त्यांनी विचारलं.